एकतिसावी खेप

तन्वेश पुण्याला गेला आणि जाताना
जुना संगणक माझ्या टेबलावर ठेवून गेला.
आत एक खेळ: काळं आकाश, सव्वातीनशे तारे,
आणि माझं म्हणून एकच गाव, कोपऱ्यात.

फोनवर म्हणाला, मावशे, पहिल्या शंभर खेपा
नुसतं बटण दाबत राहा.
कंटाळा येतो, काही घडत नाही.
मजा नंतर आहे.

काही घडत नाही हे खरं.
एक टेहळणीचं जहाज, त्याला शेजारच्या ताऱ्यापर्यंत
नऊ खेपा लागतात.
एक खाण. दर खेपेला दोन टन.
मी दाबते, कोपऱ्यातला आकडा
बावीसचा चोवीस होतो.
पुढच्या जहाजाला दीडशे हवेत.

एकोणीस वर्षं मी वजनकाट्यावर काढली,
डिचोलीच्या वाटेवर, पत्र्याच्या खोपीत.
आकडा चढताना बघायची सवय आहे मला,
पण असा नव्हे.
तिथे भरलेला ट्रक काट्यावर, मी पावती फाडतेय
तोवर मागच्याचा हॉर्न, त्याच्या मागच्याचा,
दहा टन, दहा टन, साडेदहा,
सोयरू गावस दिवसाला अकरा खेपा मारायचा
आणि बाराव्या खेपेसाठी मला शिव्या द्यायचा.
डब्याचं झाकण उघडलं की भातावर तांबूस साय.
कार्बनने बोटं निळी, धुळीने लाल,
घरी जाऊन धुतली की जांभळं पाणी.
आमोण्याला बार्जी रांगेने उभ्या.
कुठे जातं हे सगळं, विचारायला उसंत नव्हती.
तन्वेश म्हणतो ती मजा
बहुतेक हीच.

मग एका सोमवारी काटा शून्यावर आला
आणि तिथेच राहिला.
मी तरी आठवडाभर जाऊन बसले,
पावतीबुकावर तारीख घातली,
एक गाय चढली काट्यावर. तीनशे दहा किलो.
तिची पावती अजून आहे माझ्याकडे.

आता रात्री जेवणं उरकली की बसते.
जहाजाला नाव द्यायची सोय आहे.
सोयरूच्या ट्रकच्या कपाळावरचं दिलं:
सातेरी प्रसन्न.
चौथी खेप. पाचवी.
मधे उठून भांडी विसळते,
सोलांना मीठ लावून ठेवते,
परत येते तर ते दोन ताऱ्यांच्या मधोमध,
होतं तिथून करंगळीभर पुढे.
आजूबाजूला कुणी नाही.
नवव्या खेपेला तारा उघडला.
नुसता बर्फ. काढण्यासारखं काही नाही.
मला इतकं बरं वाटलं.

किती झालं, तन्वेश विचारतो.
एकतीस.
अजून एकतीस? मावशे, शत्रू येतील एवढ्यात!
येऊ देत, म्हटलं,
त्यांनाही कुठून तरी नऊ खेपा लागत असतील.

त्याला सांगितलं नाही:
एकतिसाव्या खेपेला सातेरीला एक ग्रह सापडलाय.
सबंध लोखंड. रंग मला कुणी समजावून द्यायला नको,
माझ्या दोन साड्यांच्या काठात तो अजून आहे.
खाली प्रश्न आला: खाण सुरू करायची?
हो. नंतर.

माझ्याकडे बासष्ट टन.
दीडशेला अजून चव्वेचाळीस खेपा, जुन्याच खाणीने.
हो म्हटलं तर चार.
हिशेब मला येतो, तोच तर येतो.
सोयरू आता शाळेची बस चालवतो,
त्याचा ट्रक विटांवर उभा,
टपावर कारीटाची वेल. गेल्या दिवाळीला
त्याने तिथलीच फळं काढून वाटली.

तांबडा गोल हळू फिरतोय.
बोट बटणावर आहे, जड नाही, हलकंही नाही.
मागे रांग नाही, हॉर्न नाही.

बाहेर पोदेराचा भोंपू.
आज किती वाजता झोपायचं राहिलं कोण जाणे.
पैशांचा डबा शोधते, चार उंडे घ्यायचेत,
दाराशी जाऊन परत वळते, पडद्याकडे बघते,
प्रश्न तसाच.
पोदेर पुन्हा वाजवतो.
आले रे, आले.